कमी पैशातली विजेची करवत: आधी गार्ड बघा, मग मोटर

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवर दहा बाय बाराची खोली आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी घरचं फर्निचर करायचंय: पुस्तकांचं कपाट, दोन मुलांसाठी अभ्यासाची टेबलं आणि जमलं तर पुढे किचन ट्रॉल्यांचे दरवाजे. बजेट आठ हजार. मनात तीन पर्याय आहेत. ऑनलाइन दिसणारा छोटा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत, घ्यायचा, किंवा फरशी कापायचा मार्बल कटर घेऊन तो टेबलाखाली उलटा बसवायचा, किंवा घरात पडून असलेल्या ग्राइंडरलाच लाकडाचं पातं लावायचं. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत, हेही तुम्ही आवर्जून लिहिलंत, ते फार बरं केलंत.

मी सव्वीस वर्षं सुतारकाम करतो. पुण्यात धायरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. आज तिथे पॅनल सॉ, म्हणजे अख्खी शीट कापायची मोठी करवत, आहे, पण पहिली आठ-नऊ वर्षं हातकरवत आणि मार्बल कटर यांवरच पोट भरलं. त्यामुळे कमी पैशात काम सुरू करण्याची ओढ मला कळते. तरीही तुमचे तिन्ही पर्याय मी बाजूला ठेवायला सांगणार आहे. का ते नीट सांगतो.

तुमची खरी अडचण काय आहे ते आधी बघू. 18 मिलिमीटर जाडीची आठ बाय चारची प्लायवुड शीट 32 ते 35 किलो भरते. ती एकट्याने, लहान खोलीत, सरळ रेषेत कापायची आहे आणि कापताना हात पात्यापासून लांब राहायला हवेत. मोटर किती वॅटची हा प्रश्न याच्या बराच नंतर येतो. स्वस्त करवतीत मोटर सहसा ठीकच असते. किंमत खाली आणण्यासाठी काटछाट होते ती गार्डमध्ये (पात्यावरचं झाकण), बेसप्लेटमध्ये (लाकडावर टेकणारी खालची पट्टी), स्विचमध्ये आणि सोबतच्या पात्यात. नेमक्या याच चार गोष्टींवर तुमची बोटं अवलंबून आहेत.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. गच्चीवरच्या खोलीत वीज कशी नेली आहे, जवळच्या प्लायवुडवाल्याकडे कापून मिळतं का, तुम्ही वर्षाला दोन वस्तू करणार की वीस, यावर उत्तर बदलेल. पण एक चौकशी आजच करा. मोठ्या प्लायवुड दुकानांपैकी बऱ्याच ठिकाणी आता पॅनल सॉ असतो आणि ते कापाचे किंवा फुटाचे पैसे घेऊन शीट मापात कापून देतात. पुण्यात टिंबर मार्केटच्या परिसरात हे सहज होतं, साताऱ्यातही विचारून बघा. कपाटाच्या सगळ्या फळ्यांची मापं मिलिमीटरमध्ये कागदावर काढून न्या आणि प्रत्येक कापात पात्याच्या जाडीचे तीनेक मिलिमीटर जातात ते धरा. लांब आणि सरळ काप तिथेच झाले, तर तुमच्या अर्ध्याहून अधिक कामाला करवत लागणारच नाही. जड शीट जिन्याने गच्चीवर चढवायचीही गरज उरत नाही. मी स्वतः एखाद्या साइटवर जागा नसली की आजही हेच करतो.

आता ग्राइंडर. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. तो घासण्यासाठी बनवलेला आहे. त्याला टेकवायला बेसप्लेट नाही, त्याचं गार्ड पात्याला अर्धंच झाकतं आणि त्याचा तोल एका हातावर असतो. घासचकती लाकडात अडकत नाही. दातेरी पातं मात्र गाठीत किंवा वाकलेल्या कापात क्षणात अडकतं, आणि मग अख्खी मशीन तुमच्याकडे फिरते. साखळीचे दात असलेली जी चकती ग्राइंडरसाठी विकतात ती तर याहून वाईट. या पर्यायाला माझा ठाम नकार आहे, आणि त्यात तुमच्या हाताच्या सवयीचा काही संबंध नाही.

मार्बल कटरबद्दल मला जरा जपून बोलावं लागेल, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक साइटवर सुतार रोज त्यानेच प्लाय कापतात. माझ्या माणसांनीही कापलं आहे. कारणं उघड आहेत. मशीन हलकी, 110 मिलिमीटरचं कार्बाइड दातांचं पातं स्वस्त, आणि तीन सेंटिमीटरच्या आसपास खोली मिळत असल्याने 18 मिलिमीटरचा प्लाय एका फेरीत कापला जातो. पण त्याची रचना फरशीसाठी आहे. साधारण 12,000 फेऱ्यांना त्या 110 मिलिमीटर पात्याचा दात ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने धावतो. आणि बेसप्लेटच्या खाली त्या पात्यावर काहीही झाकण नसतं. स्विच सोडल्यावरही ते काही सेकंद फिरत राहतं. त्याच सेकंदांत माणूस मशीन खाली ठेवतो, मांडीवर टेकवतो, वायर सरकवतो. मी पाहिलेल्या जखमांपैकी बऱ्याचशा काप पूर्ण झाल्यानंतरच्या आहेत.

दुसरी गोष्ट स्विच दाबून अडकवून ठेवायच्या बटणाची. फरशीवाल्याला ते सोयीचं पडतं. काही वर्षांपूर्वी, भारनियमन जोरात होतं तेव्हा, आमच्या साइटवर काप चालू असताना वीज गेली. बटण अडकवलेलंच राहिलं. कामावरच्या मुलाने मशीन फळीवर ठेवली आणि चहाला गेला. वीस मिनिटांनी वीज आली तेव्हा ती मशीन स्वतःहून सुरू झाली, फळीवरून घसरली आणि स्वतःचीच वायर कापून थांबली. शेजारी कोणी बसलेलं नव्हतं, इतकंच आमचं नशीब. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: वीज गेली की प्लग भिंतीतून बाहेर. गच्चीवर एकटे असाल, तर हे अंगात भिनू द्या.

हाच कटर टेबलाखाली उलटा बसवणं म्हणजे उघडं पातं वर आणायचं आणि हातांनी लाकूड त्याच्याकडे ढकलायचं. इथे जो धोका तयार होतो तो समजून घ्या, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

टेबल सॉवर पात्याची तुमच्याकडची बाजू खाली येते आणि लाकूड टेबलावर दाबते. मागची बाजू मात्र वर उठते. कापलेला तुकडा जरासा तिरपा झाला, किंवा लाकडातला ताण सुटून काप मागे मिटायला लागला, तर मागचे दात त्या तुकड्याला उचलतात आणि पात्याच्या वेगाने सरळ तुमच्याकडे फेकतात. याला किकबॅक म्हणतात. 2009 च्या सुमारास बारा मिलिमीटर प्लायचा तळहाताएवढा तुकडा माझ्या पोटात असा लागला. आठ दिवस वाकता येत नव्हतं. त्याहून वाईट हे, की तुकडा उडताना त्याच्यावर टेकलेला हातही ओढला जातो, आणि तो पात्यावरच जातो. माझा त्या दिवशी गेला नाही, कारण माझ्या हातात ढकलायचा ठोकळा होता.

किकबॅक रोखायला पात्याच्या लगेच मागे त्याच रेषेत एक पोलादी पट्टी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती काप मिटू देत नाही आणि तुकड्याला मागच्या दातांवर जाऊ देत नाही. उलट्या बसवलेल्या कटरला ही पट्टी नसते, वरचं गार्ड नसतं आणि चटकन हात जाईल असा बंद करायचा स्विचही नसतो. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त टेबल सॉचं चित्र मोठं करून बघा. बहुतेकांत ती पट्टी दिसणार नाही, आणि फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरळ ढकलायचं ती पट्टी, एकाच टोकाला आवळलेली असेल, म्हणजे दुसरं टोक दाबाने सरकणार आणि तुकडा तिरपा होणार. अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी त्वचेचा स्पर्श ओळखून पातं थांबवणारा टेबल सॉ तयार केला, तो सॉस्टॉप. त्यात पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. आपल्या बजेटच्या तो फार पलीकडे आहे. पण इतक्या वेगाने थांबवावं लागतं यावरूनच समजा, की ‘हात पटकन मागे घेईन’ या भरवशाला इथे जागा नाही.

मग घ्यायचं काय? मोठे काप दुकानात होत असतील तर आधी फक्त जिगसॉ घ्या. तिचं पातं शिवणयंत्राच्या सुईसारखं वरखाली होतं. ती तुकडा फेकत नाही, आवाज कमी करते आणि चूक झाली तरी जखम सहसा आवाक्यातली राहते. मशीनमध्ये अडकणारं टोक टी आकाराचं असलेली पाती बसणारी घ्या. लाकडाला टी 101 बी हे पातं स्वच्छ कापतं. तिने लांब सरळ काप जमत नाही, बाकी खाचा, गोलाई, वायरची भोकं सगळं होतं.

मोठे कापही घरीच करायचे असतील तर सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून लाकडावर चालवायची गोल पात्याची करवत. तिचं पातं 185 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि फेरे पाच-साडेपाच हजार. म्हणजे दाताचा वेगही कटरपेक्षा कमी. पण तिचा खरा फायदा खालच्या गार्डचा आहे. ते स्प्रिंगवर असतं, लाकडात शिरताना मागे सरकतं आणि बाहेर पडताच पात्यावर परत येतं. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला कटरपेक्षा दोन-अडीच हजार जास्त खर्च करायला सांगतोय.

ती शक्यतो दुकानात जाऊन हातात घेऊन घ्या. पुण्याला येणं झालं तर रविवार पेठेतली बोहरी आळी आहे, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. प्लग न लावता खालचं गार्ड बोटाने मागे ओढा आणि सोडा. ते खटकन मिटलं पाहिजे. मशीन आडवी, उलटी, तिरपी धरून पुन्हा करा. एकदा जरी अर्ध्यात अडकलं तर ती पेटी परत द्या. बेसप्लेट सपाट फळीवर ठेवून डुगडुगते का ते बघा आणि पातं तिच्याशी काटकोनात आहे का हे गुण्या लावून तपासा. पातळ पत्र्याची बेसप्लेट एकदा खाली पडली की वाकते आणि मग एकही काप सरळ येत नाही. स्विच असा हवा की आधी अंगठ्याने बटण दाबल्याशिवाय ट्रिगर हलणारच नाही, आणि ट्रिगर सोडला की मशीन बंद. मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का, आणि ते त्या दुकानात सुटे मिळतात का, हेही विचारा. बिल घ्या. माझ्या मते नावाजलेल्या कंपनीचं साधं मॉडेल हे अनोळखी कंपनीच्या जास्त वॅटच्या मॉडेलपेक्षा नेहमी बरं. कारण तीन वर्षांनी गार्डची स्प्रिंग तुटेल, तेव्हा ती मिळायला हवी.

जुन्या वस्तूंचं म्हणाल, तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून मी पटाश्या आणि रंधे आणले आहेत, उत्तम निघाले. गार्ड काढून टाकलेली किंवा तारेने मागे बांधलेली करवत मात्र फुकट मिळाली तरी आणू नका.

बॅटरीवरच्या करवतीत मोठी सोय आहे. बॅटरी काढली की मशीन निश्चितपणे मेली, आणि वायर कापली जायची भीती नाही. पण चांगली घ्यायची तर बॅटरी-चार्जरसह तुमचं बजेट ओलांडेल. पेटीवरच्या व्होल्टच्या आकड्यांना भुलू नका. पाच सेलची तीच बॅटरी कोणी 18 व्होल्ट लिहितं, कोणी 20, कोणी 21. सरासरी दाब सेलमागे 3.6 धरला की 18 होतात, पूर्ण चार्ज झाल्यावरचे 4.2 धरले की 21. आणि हल्ली स्वस्तात मिळणारा फांद्या छाटायचा छोटा चेनसॉ फर्निचरच्या कामाचा नाही, तो या विचारातूनच काढून टाका.

पात्यावर पैसे वाचवू नका. सोबत येणारं पातं बहुधा 24 दातांचं असतं, त्याने प्लायच्या कडा उडतात. 40 दातांचं कार्बाइड पातं घ्या, सनमायका लावलेली शीट असेल तर 60. पात्यावर छापलेले कमाल फेरे तुमच्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असलेच पाहिजेत आणि मधलं भोक मशीनच्या दांड्याला अचूक बसलं पाहिजे. बोथट पातं जास्त धोक्याचं असतं, कारण ते कापत नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावताना तोल जातो. जळका वास येऊ लागला किंवा कडा काळी पडली, की थांबा. पातं राळेने माखलं असेल तर धुऊन घ्या, दात गेले असतील तर धार लावून आणा.

विजेकडे येतो. गच्चीवरच्या खोल्यांत पुष्कळदा खालच्या बोर्डावरून एक पातळ वायर ओढलेली असते. 1200-1400 वॅटची करवत 230 व्होल्टवर पाच-सहा अँपियर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तिला 16 अँपियरचा सॉकेट द्या. एक्स्टेंशन लागलंच तर किमान दीड स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची वायर, लांबी जास्त असेल तर अडीच, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. पातळ वायरीवर व्होल्टेज पडतं, पातं मंदावतं, लाकडात अडकतं. म्हणजे विजेची चूक शेवटी हातावर येते. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे, तिला अर्थची पिन नसणं हा दोष नाही. पावसाळ्यात गच्चीवरची फरशी ओली असते, तेव्हा कामच नको.

कापायची पद्धत. एकट्याने असाल तर शीट लाकडी घोड्यांवर (उंच स्टँडवर) चढवू नका, जमिनीवरच कापा. खाली सारख्या जाडीच्या चार पट्ट्या टाका, कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे काप पूर्ण झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतील. दोनच आधार दोन टोकांना दिले, तर काप मधोमध खचतो, मिटतो आणि पात्याला चिमटा बसतो. सर्क्युलर सॉमध्ये किकबॅक येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. शीटची दर्शनी बाजू खाली ठेवा, कारण दात खालून वर येतात आणि कडा वरच्या बाजूला उडते. अॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप दोन क्लॅम्पनी आवळा आणि बेसप्लेट त्याला चिकटवून चालवा. पात्याची खोली प्लायच्या खाली पाच-सहा मिलिमीटर निघेल इतकीच ठेवा. पातं फिरायला लागल्यावरच लाकडाला लावा, आणि तुम्ही पात्याच्या रेषेत नको, थोडे बाजूला. अर्ध्यात अडकलं तर मागे ओढू नका. ट्रिगर सोडा, पातं थांबू द्या, प्लग काढा, मग पाचर मारून काप उघडा.

अंगावरच्या गोष्टी पटकन सांगतो. चष्मा बाजूंनी बंद असलेला. कानाला मफ, कारण ही मशीन 100 डेसिबलच्या आसपास आवाज करते. हातमोजे फिरत्या पात्याजवळ नकोत, ते ओढले जातात. मनगटाचा धागा, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा, बाह्या दुमडा आणि चपलांऐवजी बूट घाला. भुश्याला कोणी गंभीरपणे घेत नाही, तो मात्र जन्मभराचा प्रश्न आहे. लाकडाच्या भुश्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, कर्करोगकारक ठरवलं आहे. प्लायच्या चिकटद्रव्यात फॉर्माल्डिहाइडचं राळ असतं, ते वेगळं. तोंडाला रुमाल पुरत नाही. एन 95 किंवा एफएफपी 2 मास्क वापरा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा. माझ्या पिढीतले कितीतरी सुतार पन्नाशीत खोकत बसलेले मी रोज बघतो.

मुलांसाठी दोन गोष्टी करा. करवत पातं काढून, कुलपाच्या लोखंडी पेटीत. आणि काम चालू असताना खोलीला आतून कडी, पण घरात एका मोठ्या माणसाला माहीत असलं पाहिजे की तुम्ही वर आहात. दर अर्ध्या तासाने त्यांनी खालून हाक मारायची. हाकेला उत्तर आलं नाही तर आत येता यावं म्हणून कडी बाहेरूनही उघडता येणारी लावून घ्या. त्याच माणसाला हेही सांगून ठेवा: जखम झाली तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरायचा आणि 108 ला फोन करायचा. बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पेशी मरतात आणि जोडता येत नाही. हे बोलताना घरचे घाबरतील, तरी बोला.

तुमच्या आठ हजारांचा हिशोब मी असा मांडेन. यंत्रावर जास्तीत जास्त पाच. उरलेल्या तीनमध्ये चांगलं पातं, दोन क्लॅम्प, चष्मा, मफ, मास्क, आणि विजेच्या कामासाठी काही. पैसे कमी पडले तर करवत पुढच्या महिन्यावर ढकला. शीट दुकानात कापून घ्या आणि जिगसॉवर कपाट पूर्ण करा.

सर्क्युलर सॉ घेतलीत तर पहिल्या रविवारी चांगल्या शीटला हात लावू नका. दुकानातून बारा मिलिमीटर प्लायचे टाकाऊ तुकडे आणा आणि त्यांवर वीस काप करा. प्रत्येक कापानंतर ट्रिगर सोडून पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन तिथेच धरून ठेवा, उचलू नका. विसाव्या कापापर्यंत ती वाट बघणं हाताला आपसूक जमायला लागेल. मग 18 मिलिमीटरची शीट काढा, आणि मापाच्या कागदाचा फोटो पाठवा. कापांचा क्रम कसा लावायचा ते मी बघून सांगतो.